दानाचे पैसे तुमच्या खाटेपर्यंत कसे पोचले?

परळला ज्यांनी दिवस काढलेत त्यांना दात्यांच्या पाट्या पाठ असतात. सेठ गोर्धनदास सुंदरदास यांनी मागे ठेवलेल्या पैशातून १९२६ साली जी. एस. मेडिकल कॉलेज निघालं. टाटा रुग्णालय १९४१ साली सर दोराबजी टाटा ट्रस्टने सुरू केलं. हे झालं भिंतीवरचं. मला हवंय ते खाटेजवळचं: कुणीतरी दिलेल्या पैशाने तुमच्या माणसाचा एखादा दिवस सोपा झाला का? की नाही झाला? दोन्ही लिहा.

शेतकरी, बुलडाणा जिल्हा
मंडळीला गर्भपिशवीचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले पंचवीस शेक, म्हणजे रेडिएशन, शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे काही मिनिटांच्या शेकासाठी पाच आठवडे मुंबईत. चार रात्री दवाखान्याबाहेर प्लास्टिक अंथरून झोपलो. पुढे शेकाने तिला जुलाब लागले. संडास लांब, रात्री बंद. त्या धास्तीने तिनं जेवणच सोडलं आणि 'मला घरी न्या, काय व्हायचं ते होऊ द्या' म्हणायला लागली. मग दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. लोक तिथल्या खोलीचं, जेवणाचं कौतुक करतात, मी संडासाचं करतो. तो जवळ होता म्हणून ती जेवली, आणि पंचविसाचे पंचवीस शेक पुरे झाले.

एक आई, धारावी
आमच्याकडे दान पैशाचं नव्हतं, दुधाचं होतं. मुलगी सातव्या महिन्यात झाली, वजन अकराशे ग्रॅम, काचेच्या पेटीत. मला दूधच येईना. शीवच्या रुग्णालयात १९८९ पासून दुधाची बँक आहे, आशियातली पहिली. दुसऱ्या आयांनी दिलेलं दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून, तपासून ठेवतात. तेच हिला नळीतून थोडं थोडं द्यायचे. सिस्टर मला रोज पेटीपाशी बसवायच्या, हात आत घालून तिच्या पायाला धरायला लावायच्या. आठव्या दिवशी दूध उतरलं, इतकं की मीच बँकेत द्यायला लागले. सासूबाई म्हणाल्या, नजर लागेल. लागली नाही.

निवृत्त समाजसेवा अधीक्षक
सत्तावीस वर्षं सरकारी रुग्णालयात होते. 'पुअर बॉक्स' म्हणजे गरीब रुग्णांसाठीची मदतपेटी, तिचं काम जोडाजोडीचं. डॉक्टरांची चिठ्ठी, रेशन कार्ड, इम्प्लांटचं कोटेशन घ्यायचं. एका ट्रस्टकडून वीस हजार, दुसरीकडून दहा, उरलेले पेटीतून. रोख रुग्णाच्या हातात जात नाही, आणि ते बरोबरच आहे.

अडतं वेगळ्याच ठिकाणी. लहान मुलाच्या हृदयासाठी दाते स्वतःहून फोन करतात. मोठ्या माणसाच्या डायपरला कुणी देत नाही. दारूने लिव्हर गेलेल्याला तर नाहीच. मृतदेह गावी न्यायच्या गाडीला सगळ्यांत कमी, कारण 'आता काय उपयोग?' एक काका मात्र दर दिवाळीत पाकीट आणून ठेवायचे आणि म्हणायचे, "ज्याला कोणी देत नाही त्याला." त्यातून मी एसटीची तिकिटं काढली, चष्मे केले. एका आजोबांची कवळी धावपळीत हरवली होती. महिनाभर ते नुसती मान हलवायचे, आम्हाला वाटलं डोक्यावर परिणाम झाला. नवी कवळी बसली आणि पहिलं काय केलं असेल, तर शेजारच्या खाटेवरच्याशी भांडले!

स्टाफ नर्स, मराठवाडा
फळवाटप! नेत्याचा वाढदिवस असला की वॉर्डात पंधरा जण, बॅनर, फोटो. शुगर चारशे असलेल्याच्या हातात चार केळी, उपाशी ठेवलेल्याच्या हातातही. ते गेले की मी केळी गोळा करत फिरते. त्यांना एकदा सांगितलं, नातेवाइकांना बसायला वॉर्डात दहा स्टुलं द्या. अजून वाट बघतेय.

पुणे
थोडं विषयाबाहेर, पण धर्मादाय म्हणवणाऱ्या एका रुग्णालयात काउंटरवर आधी डिपॉझिटच मागितलं. दहा टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, हा नियम उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेतला आहे. त्यासाठी प्रत्येक बिलाचे दोन टक्के बाजूला काढलेले असतात. मेहरबानी नव्हे ती. धर्मादाय आयुक्तांचं नाव घेतल्यावर फॉर्म निघाला.

भाऊ
दादाला तोंडाचा कॅन्सर, शेवटी गालाला भोक. वासामुळे त्याची स्वतःची मुलं दारात थांबायची, आणि ते त्याला कळायचं. पुण्यात वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह सेंटरमध्ये नेलं, तिथे आजार बरा करण्यापेक्षा त्रास कमी करायला बघतात. १९९७ पासून आहे, पैसे घेत नाहीत, घरच्यांनाही सोबत राहता येतं. तिथल्या सिस्टरने गोळीची पूड करून जखमेत भरली. चारेक दिवसांत वास गेला. औषध काही महागाचं नव्हतं, कुणी तरी तेवढा वेळ द्यायला हवा होता. धाकटी त्याच्या कॉटवर चढून झोपली, त्याला हलायचंही नव्हतं.

सातारा
आमचं छोटंसंच. गावातल्या मंडळाच्या रुग्णसाहित्य केंद्रातून बाबांसाठी कॉट आणि एअरबेड आणला होता, नाममात्र भाडं नि अनामत. ते गेल्यावर परत करायला गेलो तर एक जण टेम्पो घेऊनच उभा. दोघांनी मिळून कॉट त्याच्या टेम्पोत चढवली. डोक्याकडचा दांडा ढिला आहे, पाना जवळ ठेवा, एवढं त्याला सांगितलं.