कॉलेजात नवीन सोरॉरिटी चॅप्टर निघतोय, लेकीने जावं का?

मिडवेस्टची_आई
मंडळी, सोरॉरिटीबद्दल (कॉलेजातल्या मुलींची निवडून घेणारी संघटना, चॅप्टर म्हणजे तिची एकेका कॉलेजातली शाखा) मत हवंय आणि जरा लवकर हवंय, कारण थोड्याच दिवसांत बिड (सभासद होण्याची आमंत्रणं) निघतील. लेक इथल्या एका मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत सेकंड इयरला आहे, केमिकल इंजिनिअरिंग. फर्स्ट इयरला तिने रश (सोरॉरिटींच्या घरोघरी जाऊन निवडीला सामोरं जाणं) केलं नव्हतं, तिच्या फ्लोअरवरच्या मुली ऑगस्टमध्ये रोज नवे कपडे घालून या घरातून त्या घरात जायच्या आणि संध्याकाळी रडत यायच्या, ते बघून तिने नाद सोडला. आता कॅम्पसवर एक जुनी नॅशनल सोरॉरिटी नव्याने चॅप्टर काढतेय. हेडक्वार्टर्सच्या दोघीजणी गावात येऊन राहिल्यात, एकेका मुलीला कॉफीला बोलावून निवांत बोलतात, हिलाही बोलावलं आणि त्या रात्री फोनवर ती इतकी खुशीत होती की मला पटकन नाही म्हणवेना. तिचं म्हणणं, आई इथे सीनियर कोणी नाहीतच, आम्हीच पहिल्या, सगळं आम्हीच ठरवणार. तिच्या बाबाचं म्हणणं, पैसे भरून मैत्रिणी कशाला करायच्या. पहिल्या सेमिस्टरचे साडेसहाशे डॉलर सांगितलेत, इनिशिएशन (पक्कं सभासद होण्याचा विधी) आणि बॅज धरून. स्वतःचं घर नाही, मीटिंगा स्टुडंट युनियनमध्ये.

माझं मत सांगून टाकते म्हणजे वाद घालायला बरं. माझा कल 'जाऊ दे' कडे आहे, आणि तो फक्त चॅप्टर नवीन आहे म्हणूनच. जुन्या चॅप्टरात आपली मुलगी दुसऱ्यांच्या ठरलेल्या साच्यात बसते का हे बघितलं जातं, आई तिथली होती का, हायस्कूल कुठलं, इन्स्टावर कशी दिसते. इथे साचाच अजून तयार नाही. तो बनवायला आपली मुलगी असावी असं मला मनापासून वाटतं. आता बोला.

एडिसनचे_काका
ताई, स्पष्ट बोलतो, नका पाठवू. साचा तयार नाही हे खरं नाही, नॅशनल संघटनेचं संविधान, विधी, फी, नियम सगळं शंभर वर्षांपूर्वीपासून तयार आहे, मुली फक्त टीशर्टचा रंग ठरवणार. आणि निवड ही या प्रकाराच्या मुळातच आहे. अलाबामा युनिव्हर्सिटीत 2013 मध्ये काय निघालं आठवा, उत्तम मार्कांच्या कृष्णवर्णीय मुलीला आतल्या मुली घ्यायला तयार होत्या आणि जुन्या ॲलम्नींनी (माजी सभासद बायकांनी) अडवलं, विद्यार्थ्यांच्या पेपरने छापलं तेव्हा कुठे दारं उघडली. 2013 मध्ये, 1963 मध्ये नाही! टायटल नाईन (शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणारा फेडरल कायदा) 1972 ला आला आणि दोनच वर्षांत या संघटनांनी सभासद निवडीपुरती त्यातून सूट मिळवली. पेन स्टेटला 2017 मध्ये फ्रॅटर्निटीत (मुलांच्या अशाच संघटनेत) एकोणीस वर्षांचा मुलगा गेला, पायऱ्यांवरून पडल्यावर कित्येक तास कोणी ॲम्ब्युलन्स बोलावली नाही. शेवटी डिसेंबर 2024 मध्ये हेझिंगविरुद्ध (नवीन सभासदांचा छळ, आपलं रॅगिंगच) फेडरल कायदा करावा लागला. ज्या गोष्टीसाठी कायदा करावा लागतो तिथे मी माझं लेकरू पैसे भरून पाठवणार नाही.

ऑस्टिनची_ताई
काका, फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी एकाच तागडीत टाकताय. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्समधल्या (जुन्या मोठ्या सोरॉरिटींचा संघ) सोरॉरिटींच्या घरात सहसा दारू चालत नाही, पार्ट्या फ्रॅटर्निटीकडे होतात. (आणि खरी काळजी तिथलीच आहे, मुली तिकडे जातात तेव्हाची, त्यावर वेगळं बोलू.) मी दहा वर्षांची असताना इकडे आले, कॉलेजात नवीनच निघालेल्या चॅप्टरच्या पहिल्या बॅचला होते म्हणून सांगते. टीशर्टचा रंग वगैरे नाही हो. पहिल्या दिवशी आमच्याकडे काहीच नव्हतं, ना जुन्या मिनिट्स, ना कुठल्या फ्रॅटर्निटीशी ठरलेली सोयरीक, ना कोण कोणाची बिग (नवीन मुलीला सांभाळणारी जुनी सभासद). कोणाच्या मागे कोणी उभं राहून 'आमच्या वेळी असं होतं' म्हणणारं नव्हतं. आम्ही ठरवलं की मीटिंग रविवारी सकाळी नको कारण निम्म्या चर्चला जातात, आम्ही ठरवलं की फंडरेझर दारूच्या थीमचा नको, फोटोसाठी सगळ्यांनी सारखा ड्रेस विकत घ्यायचा प्रकार नको कारण तिघीचौघींना परवडत नव्हतं. मी खजिनदार होते. एकोणिसाव्या वर्षी अख्ख्या चॅप्टरचं बजेट, थकबाकीदार मैत्रिणीला फोन करून हप्ते बांधून देणं, हे मला कुठल्याच क्लासने शिकवलं नसतं.

आणि इतिहास काढलाच आहे तर हाही काढा. पाय बीटा फाय 1867 मध्ये इलिनॉयमधल्या मॉनमथ कॉलेजात निघाली, कप्पा अल्फा थीटा 1870 मध्ये इंडियानात. वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या मुली, मुलं त्यांच्याशी धड बोलायची नाहीत, म्हणून त्या एकत्र आल्या. कृष्णवर्णीय मुलींनी 1908 मध्ये हॉवर्डला अल्फा कप्पा अल्फा काढली, कमला हॅरिस तिथल्याच. प्रत्येक चॅप्टर कधीतरी पहिल्या बॅचनेच उभा केला ना?

केमिकलवाली
मी विरोधात, पण काकांच्या कारणासाठी नाही. मी केमिकल केलंय. सेकंड इयर म्हणजे मास अँड एनर्जी बॅलन्स, थर्मो, ऑर्गॅनिक आणि त्याची लॅब, आणि त्याच वर्षी को-ऑपसाठी (शिकता शिकता सेमिस्टरभर कंपनीत काम) करिअर फेअरला रांगा. जुन्या चॅप्टरात नवीन मुलगी नुसती हजर राहिली तरी चालून जातं, कारण चालवणाऱ्या थर्ड इयरच्या असतात. नवीन चॅप्टरात चालवणारं कोणीच नसतं, सगळं याच मुलींवर येतं. बायलॉज, रिस्क मॅनेजमेंटचे फॉर्म, ॲडव्हायझरबरोबर कॉल, फिलान्थ्रॉपीचा कार्यक्रम, चार्टर (चॅप्टरची पक्की मान्यता) मिळेपर्यंत हेडक्वार्टर्सच्या अटी एकेक पुऱ्या करायच्या. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पुढचा फॉल. यंदा हेडक्वार्टर्सच्या अनुभवी मुली कॉफी पाजून निवड करतायत, पुढच्या वर्षी त्या निघून जातात आणि रिक्रूटमेंट (नवीन सभासदांची निवड) या मुलींनी करायची, तीही शेजारच्या जुन्या चॅप्टरांशी स्पर्धा करून ज्यांच्याकडे खांबांची पांढरी घरं आहेत. कॉलेज सुरू व्हायच्या आधी आठवडाभर जाऊन सकाळपासून रात्रीपर्यंत तालीम. माझ्या रूममेटने हे केलं, एका नवीन चॅप्टरात, कुठला ते सांगत नाही. दुसऱ्या वर्षी पुरेशा मुली आल्या नाहीत, तिसऱ्या वर्षी आणखी कमी, मग तेवढाच खर्च कमी डोक्यांवर वाटला गेला म्हणून ड्यूज (सभासद फी) वाढले, ते वाढले म्हणून अजून दोघी गेल्या, आणि ती सीनियर असताना चॅप्टर बंद झाला. तिला ॲलम्नाचा दर्जा मिळाला कागदावर. तीन वर्षांचे शनिवार-रविवार त्यात गेले.

मिडवेस्टची_आई
हे फार महत्त्वाचं सांगितलंत, को-ऑपचा विचार मी केलाच नव्हता. ती पुढच्या स्प्रिंगला सेमिस्टरभर बाहेर असू शकते. तेव्हा ड्यूज, हजेरी याचं काय ते विचारायला सांगते.
काका, तुमच्या मुद्द्यावर, पैसे भरून मैत्री वगैरे, आपण महाराष्ट्र मंडळाची वर्गणी भरतोच की. गणपतीत ज्या बायकांबरोबर मी रात्री दोनपर्यंत मोदक वळले त्याच आज माझ्या जिवाभावाच्या आहेत, वर्गणी भरली म्हणून ती मैत्री खोटी झाली का?

एडिसनचे_काका
मंडळाची वर्गणी भरली की तुम्ही सभासद. कोणी बंद खोलीत बसून तुमच्या नावावर मत टाकत नाही, कोणाला 'तुम्ही आमच्यात शोभत नाही' असं न सांगता नुसतं गाळून टाकत नाही. माझा आक्षेप पैशाला नाही, त्या बंद खोलीला आहे. आणि ताई, यंदा तुमची मुलगी खोलीबाहेर आहे, पुढच्या वर्षी आत असेल, आणि अठरा वर्षांच्या पोरींची नावं गाळायचं काम तिला करावं लागेल. ते तिने करावं असं तुम्हाला वाटतं का?

मिडवेस्टची_आई
हा प्रश्न बोचला, खरं सांगते. तिला विचारणार आहे.

ह्यूस्टनकर
देसी सोरॉरिटीचा विचार का नाही? डेल्टा फाय ओमेगा इथेच ह्यूस्टन युनिव्हर्सिटीत निघाली, कप्पा फाय गॅमा ऑस्टिनला, सिग्मा सिग्मा रो न्यूयॉर्कला सेंट जॉन्सला, तिन्ही 1998 च्या. म्हणजे आपल्याकडच्या मुलींनीच, जुन्या चॅप्टरांत जीव रमेना म्हणून, शून्यातून काढलेल्या. तिथे तिला दिवाळी म्हणजे काय ते समजावून सांगायला लागणार नाही, फी कमी असते, बॅच छोटी असते.

ऑस्टिनची_ताई
चांगला पर्याय आहे, पण छोटी बॅच म्हणजे प्लेज होण्याचा (पक्कं सभासद होण्याआधीचा) काळ जास्त कडक आणि जास्त गुप्त असू शकतो, आईबापांना काही सांगायचं नाही वगैरे. एशियन फ्रॅटर्निटीतही 2013 मध्ये न्यूयॉर्कच्या बरूक कॉलेजचा मुलगा असाच गेला. आपली माणसं आहेत म्हणजे आपोआप सुरक्षित असं धरू नका. शिवाय तिला तिथे जायचंय का हे तिने सांगितलंय कुठे?

सदाशिव_पेठ
मी इकडून लिहितेय, अमेरिकेतलं फार कळत नाही पण हॉस्टेलची रेक्टर होते. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा 1999 लाच आला, त्यानंतरही रॅगिंग झालंच, फक्त त्याला नाव 'इंट्रो' मिळालं. माझा अनुभव असा की ज्या वर्षी हॉस्टेलची नवीन इमारत उघडली आणि सगळ्या एकदम नवीन होत्या त्या वर्षी कोणी कोणाला छळलं नाही. छळ सुरू झाला तो दुसऱ्या वर्षी, पहिल्या मुली सीनियर झाल्यावर. त्यामुळे पहिल्या बॅचला धोका कमी हे मान्य, पण पहिल्या बॅचने दुसरीला कसं वागवायचं हे पहिल्याच वर्षी लिहून ठेवलं पाहिजे, नंतर सुचत नाही. ही गोष्ट मुलीला जरूर सांगा.

केमिकलवाली
वरच्या काकूंचं शंभर टक्के पटलं.
एक नियम कोणीच सांगितला नाही म्हणून सांगते. बिड घेताना एक करारपत्र सही करायला देतात. त्यावर सही केली आणि नंतर सोडलं तर त्या कॅम्पसवर पुढच्या मुख्य रिक्रूटमेंटपर्यंत पॅनहेलेनिकमधल्या दुसऱ्या कुठल्याही सोरॉरिटीत जाता येत नाही. आणि एकदा इनिशिएशन झालं की जन्मभर दुसऱ्या कुठल्याच पॅनहेलेनिक सोरॉरिटीत नाही, चॅप्टर बंद पडला तरी नाही, कॉलेज बदललं तरी नाही. म्हणजे सोडायचंच तर बिड आणि इनिशिएशन यांच्या मधल्या आठवड्यांत सोडायचं. ते आठवडे तिने डोळे उघडे ठेवून बघावेत. मी तिची मोठी बहीण असते तर अजूनही नको म्हटलं असतं.

मिडवेस्टची_आई
बोलले तिच्याशी, बराच वेळ. को-ऑपच्या सेमिस्टरला अवे स्टेटस मिळतं, ड्यूज कमी लागतात, पण ते आधी अर्ज करून, असं तिने विचारून घेतलंय, आता लेखी मागायला सांगितलंय. पदाधिकारी व्हायचं नाही हे तिनेच ठरवलं, फक्त नवीन मुलींना सांभाळायच्या कमिटीत राहायचंय. रेक्टर काकूंचं वाचून दाखवलं तेव्हा ती गप्प झाली आणि म्हणाली हे मी पहिल्याच मीटिंगला मांडते. काका, तुमचा बंद खोलीचा प्रश्नही विचारला. ती म्हणाली, मी खोलीत नसले तरी नावं गाळली जाणारच आहेत, मी असेन तर निदान माझ्यासारखीचं नाव कोणीतरी उचलून धरेल. मला हे पटलं. तिच्या बाबाला अजून नाही पटलेलं. बिड आली तर ती घेणार आहे, पैसे निम्मे तिच्या लायब्ररीतल्या नोकरीतले.

एडिसनचे_काका
माझं मत तेच आहे, पण पोरीने नीट विचार केलाय हे दिसतंय. मग एवढं तरी करा, सही करायच्या आधी. त्या 2024 च्या कायद्याने प्रत्येक युनिव्हर्सिटीला हेझिंगचा रिपोर्ट वेबसाईटवर टाकावा लागतो, कुठल्या संघटनेवर काय कारवाई झाली ते नावानिशी. तुमच्याकडे हा चॅप्टर नवा आहे म्हणजे तिथे त्यांच्या नावापुढे काहीच नसणार, ते बघून निर्धास्त होऊ नका. त्याच सोरॉरिटीचे आजूबाजूच्या राज्यांत जे चॅप्टर आहेत त्या युनिव्हर्सिटींचे रिपोर्ट उघडा, पाचसहा तरी. आणि त्या हेडक्वार्टर्सच्या दोघींना सरळ विचारा की गेल्या काही वर्षांत तुमचे कुठले चॅप्टर बंद झाले आणि का. काय उत्तर देतात ते इथे लिहा.