पांढरं घोडं फक्त वरातीचं? मग सोदाशी काय होती?

जुना_महालक्ष्मीवाला: काल एक पोस्ट वाचली, "पांढरा थरोब्रेड (रेसच्या घोड्यांची जात) म्हणजे शोभेचं घोडं, वरातीत नाचवा, रेसला उतरवलं की मागे पडणार, जपानच्या सोदाशी या पांढऱ्या घोडीचं कौतुक निव्वळ रंगामुळे". डोकंच फिरलं म्हणून लिहितोय. अहो रंग बघून फिनिशिंग पोस्ट पुढे सरकतो का? डिसेंबर २०२० ला हान्शिन ज्युव्हेनाइल फिलीज ही रेस तिने नाकभर अंतराने मारली, तोवर एकाही पांढऱ्या थरोब्रेडच्या नावावर ग्रेड वन, म्हणजे सर्वात वरच्या दर्जाची रेस, नव्हती. पुढच्या एप्रिलला ओका शो, म्हणजे त्यांची थाउजंड गिनीज, तीन वर्षांच्या माद्यांची मानाची रेस, १६०० मीटर १ मिनिट ३१.१ सेकंदात. मग ऑगस्टात साप्पोरो किनेन, तिथे हिच्या मागे दुसरी आलेली लव्ह्ज ओन्ली यू, जिने त्याच नोव्हेंबरात अमेरिकेत जाऊन ब्रीडर्स कपची रेस जिंकली! आणि कृपा करून आपल्याकडच्या पांढऱ्या दिसणाऱ्या घोड्यांची उदाहरणं देऊ नका, ते ग्रे. जन्मतात गडद आणि वयाबरोबर पांढरे होतात, खाली कातडी काळीच. खरा पांढरा आईच्या पोटातूनच पांढरा येतो, कातडी गुलाबी.

पंटर_खडकी: पोस्ट माझीच होती आणि मी मागे घेणार नाही. त्यांच्या ओक्स रेसला फेव्हरिट होती ना? आठवी. शुका शो दहावी. चॅम्पियन्स कप बारावी. हे का नाही लिहिलंत? तीस वर्षं पुण्या-मुंबईला टोटच्या, म्हणजे बेटिंगच्या, खिडकीशी उभा राहतोय, पांढरं घोडं जिंकताना बघितलं नाही.

जुना_महालक्ष्मीवाला: बघणार कुठून, आहेत किती? अमेरिकेत पांढरा म्हणून पहिली नोंद १९६३ च्या व्हाइट ब्यूटीची, जपानमध्ये पहिला १९७९ चा हाकुताइयू. सोदाशीची आजी शिरायुकिहिमे १९९६ ची, बाप संडे सायलेन्स जवळजवळ काळा, आईही पांढरी नाही, जीनमध्ये अचानक बदल होऊन ही पांढरी निपजली. हजारो कुम्मेद, म्हणजे तांबूस-तपकिरी, घोड्यांतले किती ग्रेड वन मारतात ते आधी सांगा. आणि ओक्स २४०० मीटर, ही माइलची, म्हणजे १६०० मीटरची घोडी. अंतर जास्त पडलं, रंग नाही नडला.

सांगलीकर_तोक्यो: मी मे २०२२ ला व्हिक्टोरिया माइलला तोक्योतल्या फुचूच्या ट्रॅकवर होतो. पॅडॉकमध्ये, रेसआधी घोडे फिरवतात तिथे, अगदी समोरून गेली, पापण्यासुद्धा पांढऱ्या, नाक गुलाबी, मानेवर घामाने केस चिकटले होते तिथून आतली कातडी दिसत होती. शेवटच्या सरळ पट्ट्यात बाकीचे घोडे ओळखू येत नव्हते, ही एकटी दिसत होती. दोन घोड्यांच्या लांबीने जिंकली आणि मला रडू आलं, का ते आजही सांगता येत नाही. तिचं नाव आपलं आहे बरं का, संस्कृतमध्ये शुद्ध, तेजस्वी असा अर्थ तिथे अधिकृत दिलाय.

संस्कृत_शिकवते: कुठल्या संस्कृतमध्ये? 'सोदाशी' असा शब्दच नाही. षोडशी आहे, सोळा वर्षांची. सव्वीस वर्षं शिकवतेय, दरवर्षी वर्गात एकदोन मुलं अशी येतात ज्यांच्या नावाचा अर्थ आईबापांनी मोबाइलवर वाचलेला आणि साफ खोटा. परवा एका मुलीला सांगावं लागलं की तुझ्या नावाचा अर्थ 'पहाटेचा किरण' वगैरे काही नाही, तिचा चेहरा पडला, तेव्हापासून मला चैन नाही. आणि आता घोडीलाही तेच!

सांगलीकर_तोक्यो: बाई, षोडशी म्हणजे सोळा कलांचा पूर्ण चंद्र घ्या ना, तेज आलंच की त्यात. जपानीत ष आणि ड कुठून आणणार ते?

संस्कृत_शिकवते: उच्चार सोडला मी. पण 'शुद्ध' कुठून आलं? चंद्रावर तर डाग आहे! अर्थ आधी ठरवायचा आणि शब्द मागून ओढत आणायचा, याला व्युत्पत्ती म्हणत नाहीत.

सांगलीकर_तोक्यो: एवढ्या प्रेमाने कुणी आपल्या भाषेतलं नाव ठेवलं तर तुम्ही लाल पेन काढणार. म्हणून मुलं संस्कृत सोडून जर्मन घेतात.

संस्कृत_शिकवते: जर्मन मार्कांसाठी घेतात, माझ्यामुळे नाही. पुन्हा असं बोलू नका.

तापीकाठचा: नावावरून काय भांडताय. आमच्या वडलांनी सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून नुकरा, म्हणजे गुलाबी कातडीचा पांढरा घोडा, घेतला होता, कुम्मेदच्या दुप्पट पैसे मोजून. चैत्रात त्याच्या नाकाची साल निघायची, मी शाळेत जायच्या आधी रोज खोबरेल चोळायचो, तो मान खाली करून थांबायचा. तेव्हा पंटरभाऊंचं थोडं खरं आहे, पांढरी कातडी नाजूकच. पण पळायला? गावात त्याला गाठणारं घोडं नव्हतं.

पंटर_खडकी: बघा, नाजूक म्हटलंच ना.

जुना_महालक्ष्मीवाला: नाकाची साल निघाली म्हणून पाय कमी पळतात का हो? आता हे ऐका. सोदाशीची सख्खी बहीण मामाकोचा. बाप तोच कुरोफुने, आई तीच पांढरी ठिपक्यांची बुचिको. पांढऱ्या आईचं निम्म्या वेळा साध्या रंगाचं पिल्लू होतं, तशी ही कुम्मेद झाली. २०२३ ची स्प्रिंटर्स स्टेक्स जिंकली, ग्रेड वन! एका पोटच्या दोघी, रंग दोन, दोघी ग्रेड वन. आता रंगाचं काय करायचं?

पंटर_खडकी: बहिणीचं माहीत नव्हतं. ठीक, 'शोभेचं घोडं' एवढे शब्द काढतो पोस्टमधून. ओक्सची आठवी तशीच राहील.

संस्कृत_शिकवते: मामाकोचा ही इंका लोकांची समुद्रदेवता, ते नाव मात्र बरोबर घेतलंय. मग आमच्याच भाषेच्या वेळी एखाद्या जाणकाराला विचारायला काय हरकत होती?