मदत हवी आहे: ऑफिसात सलग दोन तास मिळवायचे कसे?

मेळ_लागेना (१५ तारीख, रात्री १०:५०)
नमस्कार. पाल्हाळ लावत नाही. टूबी जुळवायला बसलं की दर पाच मिनिटांनी कोणीतरी येऊन उभं राहतं. एका बिलावर बोट ठेवावं, तेवढ्यात "दोन मिनिटं आहेत का?" मग परत पहिल्यापासून. आज दिवसभर बसून 'डी'पर्यंतच्याच पार्ट्या झाल्या. वीसच्या आत संपायला हवं. रोज सलग दोन तास मिळाले तरी पुरे. काय करू? हेडफोन लावा, दार लावून घ्या, असलं कृपया सांगू नका. दार नाहीये. लवकर सांगा.

चहाबाज (१०:५८)
टूबी म्हणजे? टू बीएचके ऐकलंय.

गच्चीवरचा_वारा (११:०४)
नको म्हणालात तरी सांगतो, हेडफोन. मी हिंजवडीत कोडिंग करतो, अनुभवाचे बोल आहेत. कान पूर्ण झाकणारे, लांबून दिसणारे घ्यायचे. गाणी लावली नाहीत तरी चालतं. लोक कानांकडे बघून परत जातात.

मेळ_लागेना (११:०९)
आमच्याकडे कानांकडे कोणी बघत नाही. खांद्याला हात लावून हलवतात.

खतावणीकार (११:३१)
चहाबाज, टूबी म्हणजे जीएसटीआर-२बी. पुरवठादारांनी आपापली विक्री दाखवली की आपल्या नावावर किती इनपुट टॅक्स क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) आलं, त्याचा तक्ता दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर तयार होतो. तो आपल्या खरेदी रजिस्टरशी बिलागणिक ताडून बघायचा आणि २० तारखेपर्यंत ३बी, म्हणजे महिन्याचं जीएसटी रिटर्न, भरायचं. चुकलं तर दिवसाला ५० रुपये लेट फी, आणि राहिलेल्या करावर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज. बिल नंबरातली एक तिरकी रेघ इकडची तिकडे झाली तरी एक्सेल जुळवत नाही. म्हणून मध्ये उठवलं की माणूस चिडतो.

धागाकर्ते, तुम्ही मात्र काहीच लिहिलं नाहीत. महिन्याला बिलं किती? हाताखाली कोणी आहे का? ऑफिस कसलं? बसता कुठे?

पंचवीस_पाच (११:४०)
यावर एकच रामबाण उपाय, पोमोदोरो! १९८०च्या दशकाच्या अखेरीस फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने स्वयंपाकघरातल्या टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावर हे सुरू केलं. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं आराम, चार फेऱ्यांनंतर मोठी सुट्टी. मी एमपीएससीचा अख्खा अभ्यास यावर केला.

खतावणीकार (११:४४)
आणि त्या पंचवीस मिनिटांत कोणी समोर येऊन उभं राहिलं तर? टोमॅटो दाखवायचा?

पंचवीस_पाच (११:४७)
पद्धत नीट समजून न घेता टिंगल करणं सोपं असतं. व्यत्यय आला तर तो लिहून ठेवायचा आणि समोरच्याला नंतरची वेळ द्यायची, हा त्या पद्धतीचाच भाग आहे.

मेळ_लागेना (११:५५)
साडेतीनशे-चारशे खरेदी बिलं. अकाउंटला मी आणि एक मुलगा होतो, तो गेल्या महिन्यात सोडून गेला. भोसरीत शीट मेटलचं वर्कशॉप आहे, साठेक माणसं. ऑफिसात शिरल्यावर पहिलं टेबल माझं, मागे प्रिंटर.

गच्चीवरचा_वारा (१६ तारीख, सकाळी ८:१२)
दादा, मागे प्रिंटर आहे हे आधी सांगायचं ना! टेबल हलवून घ्या.

मेळ_लागेना (८:२०)
दादा नाही, ताई. टेबल हलवलं तर पाठ ओल आलेल्या भिंतीला लागते. बघून झालंय.

तिमाही_तात्या (९:०५)
उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर क्यूआरएमपी घ्या. तीन महिन्यांतून एकदा रिटर्न, डोक्याला ताप नाही. माझ्या सगळ्या क्लायंटना तेच लावून दिलंय.

मेळ_लागेना (९:१०)
उलाढाल त्याच्या पुढे आहे. आणि माझा प्रश्न तो नाही.

तिमाही_तात्या (९:१८)
मग जुळवताच कशाला एवढं? ऑक्टोबर २०२४पासून आयएमएस आलंय, पोर्टलवरच बिलं स्वीकारायची-नाकारायची सोय. तिथे काहीच केलं नाही तर बिल स्वीकारलं असंच धरतात. आपोआप क्रेडिट.

खतावणीकार (९:३३)
तात्या, म्हणूनच तर जुळवायचं! भलत्याच कोणाचं बिल आपल्या नंबरवर पडलं असेल तर तेही आपोआप स्वीकारलं जाणार. उद्या नोटीस आली की तुम्ही जाणार का उत्तर द्यायला? आणि १४ तारखेनंतर एखादं बिल नाकारलं, तर २बी पुन्हा काढून घ्यावं लागतं, तेही लक्षात असू द्या.

तिमाही_तात्या (९:४०)
मी २२ वर्षं या धंद्यात आहे.

खतावणीकार (९:४१)
जीएसटी २०१७चा.

निवृत्त_काकू (१०:१५)
दोघांनी दुसरा धागा काढा रे. अगं ताई, मी एकतीस वर्षं बँकेत कॅशला काढली. दिवसभर समोर रांग, आणि संध्याकाळी पै न पै जुळायला हवी. माणसं त्रास द्यायला येत नाहीत, काहीतरी मागायला येतात. ती काय मागतात हे तू एकदाही लिहिलं नाहीस. आज एक कोरा कागद घे, कोण कशाला आलं त्याच्या रेघा मार आणि रात्री इथे सांग.

लाल_बावटा (१०:४०)
मूळ प्रश्न वेगळाच आहे. दोन माणसांचं काम एकाकडून करून घेतात आणि वर तिनेच वेळेचं नियोजन शिकायचं! आधी त्या मुलाच्या जागी माणूस मागा.

ठाणे_लोकल (१०:५२)
भोसरीत बऱ्याच शॉप्सना गुरुवारी सुट्टी असते ना? १८ तारखेला गुरुवारच आहे. शांतपणे जाऊन बसा, एका दिवसात उरकेल.

लाल_बावटा (१०:५५)
वा! सुट्टीच्या दिवशी फुकट राबा. असे सल्ले देणाऱ्यांमुळेच मालक सोकावतात.

ठाणे_लोकल (१०:५९)
फुकट कोण म्हणालं? बदली रजा घ्यावी. सगळीकडे बावटा नाचवायची गरज नसते.

लाल_बावटा (११:०१)
बदली रजा कागदावर मिळते. घेतलीत कधी?

(मधले नऊ प्रतिसाद ठाण्याच्या लोकल आणि रजांच्या नियमांवर होते. संपादकांनी हलवले.)

मेळ_लागेना (रात्री ९:३५)
काकू, मारल्या रेघा. ४३ झाल्या. उचल आणि पेटी कॅश १४. सेल्सवाले "अमुक पार्टीचं येणं किती?" ११. कुरिअर आणि चलनांवर शिक्का मारायला ८. मालकांचा इंटरकॉम ६. प्रिंटरमध्ये कागद अडकला ३. वाढदिवसाचा केक १. मोजताना मलाच लाज वाटली, कारण मला वाटत होतं सगळा त्रास मालकांचा आहे.

निवृत्त_काकू (९:५०)
पेटी आणि शिक्का तुझ्याच ड्रॉवरमध्ये का गं?

मेळ_लागेना (९:५८)
शिक्का पहिल्यापासून. पेटी आधी स्टोअरमध्ये होती. दोन वर्षांपूर्वी ८०० रुपये कमी भरले, कोणी कबूल होईना, तेव्हा मीच मागून घेतली. परत द्यायची तयारी नाही, आधीच सांगते.

निवृत्त_काकू (१०:१०)
नको देऊस. पण पेटीला वेळ लाव. सकाळी साडेदहा ते अकरा, दुपारी चार ते साडेचार. पेटीवरच चिठ्ठी चिकटव, तोंडाने सांगत बसू नकोस. तोंडाने सांगितलं की माणूस घासाघीस करतो. शिक्के किती आहेत?

मेळ_लागेना (१०:१४)
दोन. कंपनीचा गोल, आणि 'माल मिळाला'चा चौकोनी.

निवृत्त_काकू (१०:१६)
चौकोनी उद्या सकाळी गेटवर वॉचमनला दे. माल तो उतरवून घेतो आणि शिक्का तू मारतेस? गोल सोडू नकोस.

खतावणीकार (१०:२५)
काकूंना दंडवत. सेल्सचं मी सांगतो. रोज सकाळी आल्या आल्या टॅलीतून बिल्स रिसीव्हेबलचा रिपोर्ट पीडीएफ करून त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. पाच मिनिटांचं काम. मग कोणी विचारायला आलं की एकच उत्तर, "ग्रुपवर आहे." पहिले चार दिवस तोंड वाकडं करतील.

पंचवीस_पाच (१०:३१)
लिहून ठेवा आणि नंतरची वेळ द्या, हे मी काल रात्रीच म्हटलं होतं. असो.

मेळ_लागेना (१७ तारीख, रात्री ९:१५)
आजचा अहवाल. चिठ्ठी लावली. पावणेबाराला आमचा एक वेल्डर आला, बायकोला दवाखान्यात न्यायचं होतं, दीड हजार हवे होते. दिले. त्याला काय चिठ्ठी दाखवणार? पण बाकीचे वाचून परत गेले. एकाने "बँक झाली का इथे?" म्हणून विचारलं. वॉचमन चौकोनी शिक्क्यावर इतका खूश आहे की उगाच दोनदा मारतोय. सेल्समधल्या एकाने पीडीएफ ग्रुपवर असताना प्रिंट मागितली, प्रिंटर माझ्या मागेच असल्यामुळे.

साडेअकरा ते पाऊण सलग मिळाले, तो वेल्डर सोडला तर. 'पी'पर्यंत आले. आता इंटरकॉमचं सांगा. आज सात वेळा.

लाल_बावटा (९:२०)
आणि रिकामी जागा भरण्याचं काय झालं?

निवृत्त_काकू (९:४०)
मालकांच्या आधी तू जा. सकाळी दहाला वही घेऊन आत, बँकेत शिल्लक किती, कोणाचा चेक आला, आज कोणाला द्यायचे, एवढं सांगून यायचं. आमचे मॅनेजर असेच होते. त्यांना पैशांची काळजी वाटली की फोन यायचा, आधीच आकडा मिळाला की गप्प बसायचे. आणि माणसाचं तेव्हाच विचार, समोर असताना.

मेळ_लागेना (९:५२)
दहाला जाऊन बघते, पण शुक्रवारी. उद्या गुरुवार, आणि मुलीला शब्द दिलाय, त्यामुळे मी जाणार नाहीये. ठाणे_लोकल, राग मानू नका. शुक्रवार-शनिवार हातात आहेत. पण 'पी' झालं म्हणजे बरंच झालं असं कोणी समजू नका, पुढे 'एस' आहे. आमच्या निम्म्या पार्ट्या श्री, साई नाहीतर समर्थ.