जंगल आणि पैलवान एकाच पावतीवर कशाला?

आनंदवाडीचा जुना
परवा बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या काही मंडळींनी पोस्ट टाकली की ते धर्मादाय प्रतिष्ठान काढणार आहेत. भीमगड-कणकुंबीकडचं पावसाळी जंगल राखायचं आणि निवृत्त खेळाडूंना, त्यातही पैलवानांना, आधार द्यायचा. शेवटचं वाक्य असं: "निवृत्त मल्लच जंगलाचे राखणदार होतील." खाली सगळ्यांनी हात जोडले. मला ते वाक्य बोचलं, म्हणून लिहितो.

मागच्या दिवाळीत वस्तादांच्या घरी गेलो होतो. त्यांनी खाटेखालची पत्र्याची ट्रंक ओढली. आत कुस्ती मैदानांची गुलाबी-पिवळी पत्रकं, कडा कसरीनं खाल्लेल्या. एका पत्रकावर तिसऱ्या नंबरच्या कुस्तीला त्यांचं नाव, इनाम 501 रुपये. खाली एक फेटा, उलगडला की घडीवर फाटतो. फडताळात इन्सुलिनची बाटली होती, ती दिवसाआड टोचून महिनाभर पुरवतात. दोन्ही गुडघे गेलेत, संडासला बसता येत नाही. या माणसाला तुम्ही मार्चमध्ये वणवा विझवायला पाठवणार?

खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकात कांस्यपदक आणलं, 1984 ला अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला मरणानंतर. तेव्हापासून आपण हळहळतोय. पैलवानाला आधार द्यायचा तर औषधाचं बिल भरा, गुडघ्याचं ऑपरेशन करा. त्याच्या मदतीवर जंगलाचं ओझं टाकू नका.

टिळकवाडीची ताई
दादा, वस्तादांचं वाचून पोटात कालवलं. पण निवृत्त म्हणजे सगळे सत्तरीचे नसतात हो. कुस्ती तिशी-बत्तिशीत सुटते. माझा धाकटा भाऊ 31 व्या वर्षी खांदा निखळून घरी बसला. खुराक तसाच चालू, मेहनत बंद, दीड वर्षात वजन 118 किलो. त्याला पैशापेक्षा सकाळी उठायला कारण हवं होतं. शेवटी एका नर्सरीत रोपांच्या पिशव्या भरायला लागला, तिथं माणसात आला. म्हणून मला ही पोस्ट पटली. 1964 च्या टोकियोत हॉकीचं सुवर्ण जिंकणाऱ्या संघात आपल्या बेळगावचे बंडू पाटील होते, आजच्या कॉलेजच्या पोरांना नाव विचारून बघा. खेळाडूला गाव विसरतं, त्याचंच हे दुखणं.

हेम्माडग्याची वाट
पोस्टमध्ये जंगलातल्या माणसाबद्दल एक ओळ नाही. 2011 ला भीमगड अभयारण्य झालं, 190 चौरस किलोमीटर. त्यात झाडं आणि वाघच राहतात काय गा? गवाळी, कोंगळा, पास्तोली, आमगाव, ही गावं कुठं गेली? पावसाळ्यात माझ्या आत्तीला ताप चढला, तेव्हा चौघांनी बांबूला घोंगडं बांधून ओढ्यातनं आणलं. रस्ता मागितला की अभयारण्याचा नियम दाखवतात. "जंगल राखा" म्हणत कोण आलं की आम्हाला पहिलं ऐकू येतंय ते "तुम्ही उठा". देवराईतली काठी आमच्या आज्यानं उचलली नाही. आता शहरातलं प्रतिष्ठान आम्हाला राखण शिकवणार.

कणकुंबी पाऊस
भाऊ, तुमचा राग कळतो, पण जंगल नुसतं तुमचं आहे असं समजू नका. मलप्रभा कणकुंबीत उगवते. खानापूर पिते, हुबळी-धारवाड पितं, नविलुतीर्थाच्या धरणाखालची शेती पिते. 2018 ला लवादानं म्हादई नदीचं 13.42 टीएमसी पाणी कर्नाटकला दिलं आणि तीन राज्यांतलं भांडण चालूच राहिलं, पण डोंगरावर पाऊस धरून ठेवणारं रान राहिलं तरच वाटायला पाणी. भीमगडातल्या बारापेडे गुहेतलं रॉटनचं वटवाघूळ घ्या, जगात मोजक्या ठिकाणी सापडतं. पश्चिम घाट 2012 ला युनेस्कोच्या यादीत गेला. घाट कसा राखायचा यावर गाडगीळ समितीचा अहवाल 2011 ला, कस्तुरीरंगन समितीचा 2013 ला, नंतर केंद्राच्या अधिसूचनेचे सहा मसुदे, आणि 2024 मध्ये कर्नाटकच्या मंत्रिमंडळानं कस्तुरीरंगन अहवाल नाकारला. सरकार हलत नसेल तर कुणीतरी वर्गणी काढून सुरुवात करायची की नको?

हेम्माडग्याची वाट
करा की. पण विश्वस्तांत आमचे किती, ते सांगा.

कडोलीचा
मुद्दा मासाशनाचा, म्हणजे महिन्याच्या पेन्शनचा आहे आणि कुणी बोलेना. कर्नाटक सरकार माजी पैलवानांना मासाशन देतंय. पण कागद काय मागतात? राज्य, राष्ट्रीय स्पर्धेचं सर्टिफिकेट. मैदानात सर्टिफिकेट कोण देतं? जत्रेत फेटा बांधतात, हलगी वाजते, चितपट केलं की लोक पैसे लावतात, झालं. माझ्या वडलांनी सीमाभागातली एक जत्रा सोडली नाही, कागद म्हणून हातात शून्य. सीमेपलीकडं महाराष्ट्रातल्या कार्यालयात गेलो तर म्हणाले, अधिवासाचा दाखला आणा. इकडच्या कार्यालयात अर्ज मराठीत दिला तर परत केला, कन्नडमध्ये लिहून आणा म्हणाले. 1956 पासून आमचं हेच. मोर्चाला आम्ही मराठी, मदतीच्या वेळी आम्ही कुणाचेच नाही.

शहापूर विणकर
आलं! प्रत्येक धाग्यात सीमाप्रश्न. अरे, अर्ज कन्नडमध्ये लिहायला किती वेळ लागतो? माझी मुलगी दहा मिनिटांत लिहून देईल, पाठव. म्हाताऱ्याचं औषध आधी की भाषा आधी?

कडोलीचा
तुमची मुलगी कन्नड शाळेत शिकली म्हणून लिहिते. माझ्या वडलांना चौथीपर्यंत मराठीच शिकवलं या मातीनं. त्यांना त्यांच्या भाषेत अर्ज करता येऊ नये, हे तुम्हाला किरकोळ वाटतंय? सोपं बोलताय काका.

शहापूर विणकर
किरकोळ म्हटलं नाही. माझ्या आईचा रेशनचा अर्जही असाच परत आला होता, मला काय माहीत नाही होय? पण अडून बसलो असतो तर महिन्याचा तांदूळ गेला असता. तू लढ, लढू नको म्हणत नाही. अर्ज मात्र आज दे.

कडोलीचा
पाठवतो. पण मराठी प्रतही जोडणार.

टिळकवाडीची ताई
भाषेवरून दोघं भांडताय त्यात वस्तादांचं इन्सुलिन मागे पडलं. प्रतिष्ठानानं पहिलं हेच काम घ्यावं. जुनी पत्रकं गोळा करून, गावच्या पंचांच्या सह्या घेऊन पैलवानांची नोंदवही करायची. सरकार मानो न मानो, मदत कुणाला द्यायची ते तरी कळेल.

आनंदवाडीचा जुना
ताई, नोंदवहीचं बोललात ते खरं आहे, मला सुचलं नव्हतं. तुमच्या भावाचंही मान्य. तिशीतल्या गड्याला काम द्या, पण पगारानं, आणि त्याला जमेल ते. पण पावती एकच असेल तर मी वर्गणी देणार नाही. जंगलाच्या नावावर मोठ्या कंपन्यांचा सीएसआरचा, म्हणजे समाजकामासाठी काढलेला पैसा येईल, रोपं लावतानाचे फोटो निघतील, आणि पैलवानाच्या वाट्याला सत्काराची शाल. हे मी एका मंडळात पाहिलंय, शाल बारा वेळा आणि गोळ्या एकदाही नाही. आणि अकेशिया-निलगिरी लावून त्याला जंगल म्हणणार असाल तर तेही नको. खाती दोन ठेवा, दरवर्षी हिशेब खानापुरात चारचौघांत वाचा. महाराष्ट्रासारखा धर्मादाय आयुक्त आपल्याकडे नाही, ट्रस्ट दुय्यम निबंधकाकडे नोंदला की विचारणारं कोण?

खानापूर प्रतिष्ठान (मूळ पोस्टवाले)
दोन दिवस वाचतोय. राखणदाराचं वाक्य आमच्याकडून चुकलं, काढतो. आमच्यातले तिघे स्वतः मातीत उतरलेले आहेत, फोटोसाठी करत नाही, एवढं मात्र ठासून सांगतो. दोन खाती मान्य. नोंदवही मान्य. एकत्र ठेवायचं कारण असं की आमच्या तालमीतली निम्मी पोरं जंगलकाठच्या गावांतली होती, दुधाच्या किटल्या घेऊन यायची आणि मग लंगोट लावायची. ती गावं ओस पडली तर तालीमही ओस पडेल. जंगलातल्या गावांचे दोन विश्वस्त घेऊ.

हेम्माडग्याची वाट
दोन नाही, चार. आणि गावं उठवायच्या कुठल्याही कागदावर प्रतिष्ठानाची सही असणार नाही, हे घटनेत लिहा.

कणकुंबी पाऊस
ज्यांना स्वतःहून बाहेर पडायचंय त्यांचं काय? तळेवाडीतल्या माणसांनी तसं ठरवलं होतं.

हेम्माडग्याची वाट
त्यांनी ठरवलं, त्यांचं ते बघतील. माझ्या गावचं माझं गाव ठरवेल.

खानापूर प्रतिष्ठान (मूळ पोस्टवाले)
चारवर बसून बोलू. मसुदा घेऊन रविवारी तुमच्याकडेच येतो. मारुतीच्या देवळात बसायला जागा होईल ना?

हेम्माडग्याची वाट
होईल. पावसाचं बसच्या भरवशावर राहू नका. मी दूध घालायला सात वाजता खानापुरात असतो, स्टँडजवळ थांबा, परतताना घेऊन जातो. वस्तादांची ती ट्रंक पण आणा म्हणावं आनंदवाडीवाल्यांना. आमच्या आज्याची पण दोन पत्रकं हाईत, जुळवून बघू.