पिंपल्स असताना गोल्ड फेशियल करावं का?

राजारामपुरी_आठवी_गल्ली: त्वचा तेलकट, कपाळावर आणि नाकावर ब्लॅकहेड्स, हनुवटीवर चार-पाच लाल दुखऱ्या पुळ्या. महिन्याभरावर घरात लग्न आहे. पार्लरमध्ये आधी ब्लीच आणि मग गोल्ड फेशियल सुचवलंय. करू का? रात्री पिंपल्सवरचं औषध म्हणून ०.१ टक्के अडापलीन जेल लावते, ते थांबवायचं का?

क्लीनअप_ताई: ब्लीच अजिबात नको. अडापलीनने वरचा थर नाजूक झालेला असतो, त्यावर अमोनिया आणि पेरॉक्साइड गेलं की चेहरा भाजल्यासारखा होतो. गोल्ड फेशियलमध्ये खरा त्रास मसाजचा. वीस-पंचवीस मिनिटं जड क्रीमने चोळलं की पुळीची भिंत आतल्या आत फुटते, सूज खोल जाते आणि दोन दिवसांनी गाठ दिसते. वर ते क्रीम छिद्रांत बसतं ते वेगळंच.

पार्लरमध्ये साधं क्लीनअप मागा आणि काय करायचं, काय नाही, हे खुर्चीत बसायच्या आधीच सांगा. जेल क्लेन्झरने धुवायचं. दाणेदार स्क्रब नको, अक्रोडाचा तर नकोच. वाफ तीन-चार मिनिटं, तीही चेहरा लांब ठेवून. मग फक्त नाक-कपाळावरचे उघड्या तोंडाचे ब्लॅकहेड्स काढायचे. टोचणी उभी धरून खुपसायची नाही, आडवी टेकवून दोन्ही बाजूंनी हलका दाब द्यायचा. दोनदा दाबूनही निघालं नाही तर ते सोडून द्यायचं, जास्त दाबलं की आपल्या सावळ्या त्वचेवर काळा डाग महिनोन्‌महिने राहतो. हनुवटीच्या लाल पुळ्यांना हातच लावू द्यायचा नाही. शेवटी मातीचा पॅक आठ-दहा मिनिटं, पूर्ण तडकायच्या आत ओल्या कापसाने काढायचा.

टोचणी कुठून काढतात ते बघा. निळ्या लाइटच्या पेटीत ठेवली म्हणजे निर्जंतुक झाली असं नाही, ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालच्या वाफेने जंतू मारणारं यंत्र, लागतो. हातमोजे नसतील तर सरळ उठून या.

औषधवाला_गंगावेस: अडापलीन क्लीनअपच्या पाच दिवस आधी थांबवा, नंतर तीन-चार दिवसांनी पुन्हा सुरू करा. अप्परलिपला वॅक्सही त्या काळात नको, साल निघते. क्लीनअप लग्नाच्या दोन आठवडे आधी उरका, शेवटच्या आठवड्यात कोणतीही नवी वस्तू चेहऱ्याला लावू नका.

फेशियलने ब्लॅकहेड निघेल, पिंपल्सचा आजार जाणार नाही. त्याला औषधच लागतं आणि फरक दिसायला आठ ते बारा आठवडे. अडापलीन नवीन असेल तर पहिल्या महिन्यात पुळ्या वाढल्यासारख्या वाटतात, तेवढ्यावरून सोडू नका. पूर्ण चेहऱ्याला वाटाण्याएवढं पुरे. सकाळी अडीच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड हलक्या हाताने लावता येतं, पण ते कपड्याचा रंग उडवतं. पैठणीवरचा ब्लाउज आणि रंगीत टॉवेल जपा.

गोरं करणारी ट्यूब कुणी दिली तर मागची घटकद्रव्यं वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल असं काही दिसलं तर ते स्टेरॉइड आहे. आठवडाभर चेहरा चकचकीत दिसतो, पुढे लालसर पुरळ आणि लव वाढते. बरेच दिवस लावून एकदम बंद केलं तर आणखी भडकतं, म्हणून आधीपासून लावत असाल तर डॉक्टरांना विचारूनच सोडा.

राजारामपुरी_आठवी_गल्ली: दोघांचेही आभार. पावसाळ्यात कपाळावर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुळ्या येतात, तेही पिंपल्सच का? आणि तांबडा रस्सा बंद करायचा का?

औषधवाला_गंगावेस: एकसारख्या आणि खाजणाऱ्या म्हणजे बुरशीचा संशय घ्यायचा. आपल्याकडच्या दमट पावसात, केसांना तेल लावणाऱ्यांत हे बरंच दिसतं. पिंपल्सच्या औषधाने ते जात नाही, अँटिबायोटिकने तर वाढूही शकतं. डॉक्टरांना दाखवूनच अँटिफंगल घ्या. हनुवटीच्या पुळ्या पाळीच्या आसपास वाढत असतील आणि पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची (हार्मोन्सच्या बिघाडाचा, अंडाशयाशी संबंधित त्रास) तपासणीही करून घ्या. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात त्वचारोग विभाग आहे. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर अडापलीन बंद.

क्लीनअप_ताई: रस्सा खावा. तिखटापेक्षा साखर, मैदा आणि काहींना दूध त्रास देतं. दूध कट्ट्यावर मिळणारं ताजं दूध रोज पीत असाल तर दोन महिने थांबवून बघा. आणि हेल्मेटचा पट्टा हनुवटीला घासतो, तो आठवड्यातून दोनदा साबणाने धुवा.