कॅसेट काढ, फुंक मार, परत लाव

माळ्यावरचा उंदीर, सातारा

परवा माळा झाडायला चढलो आणि पत्र्याच्या ट्रंकेत, आईच्या पितळी परातीखाली, आमचा टीव्ही गेमचा डबा निघाला. एकेकाळी पांढरा होता, आता जुन्या पंचांगासारखा पिवळा पडलाय. सोबत दोन रिमोट, एकाची वायर माझ्या नावबंधूंनी कुरतडलेली, आणि '९९९९ इन १' छापलेली कॅसेट. त्यात मोजून अकरा गेम होते. बाकी सगळे तेच, फक्त दुसऱ्या लेव्हलपासून सुरू होणारे. पण दुकानात उभं राहून कोण मोजतंय?

मुलगा हल्ली सेगा आणि निन्टेन्डो या दोन जपानी गेम कंपन्यांच्या जुन्या भांडणांचे व्हिडिओ बघतो. 'बाबा, तुम्ही कुणाच्या बाजूचे?' असं त्यानं विचारलं आणि मी गप्प. १९९६-९७ साली शनिवार पेठेत निन्टेन्डो हे नाव मी ऐकलेलंच नव्हतं. डब्यावर भलतंच नाव, आत निन्टेन्डोचा मारिओ. आमचं भांडण होतं वरच्या आळीशी. त्यांच्याकडे काँट्रा, आमच्याकडे मारिओ. कॅसेट अदलाबदल व्हायची ती मोती चौकात, दोन्हीकडचा एकेक माणूस साक्षीला, मुदत रविवार संध्याकाळ. एकदा त्यांनी मुदत पाळली नाही तर आम्ही त्यांच्या गणपतीच्या वर्गणीला नकार दिला. आता हसू येतं, तेव्हा अजिबात येत नव्हतं.

तर लिहा. कुठला डबा होता, कुणाशी वैर होतं, आता कुणी जमवतंय का. फुशारक्या चालतील, पकडल्या जातील एवढंच.

तीस लाइफ, मूळ सातारा, सध्या पुणे

वरच्या आळीचा मीच. वर्गणी अजून बाकी आहे तुमची.

काँट्राचा कोड आमच्याकडे मे महिन्यात आला, मुंबईच्या आतेभावासोबत. वर वर, खाली खाली, डावं उजवं, डावं उजवं, बी, ए, मग स्टार्ट. तीन ऐवजी तीस लाइफ. दोघांना खेळायचं तर स्टार्टच्या आधी सिलेक्ट. हे त्यानं फुकट सांगितलं नाही. राजवाड्यावरच्या चौपाटीवर रोज एक प्लेट पाणीपुरी, असे आठ दिवस मोजून घेतले.

कोड मूळचा काँट्राचा नाहीच, हे कळायला पुढं वीस वर्षं गेली. हे गेम काढणाऱ्या कोनामी कंपनीतले काझुहिसा हाशिमोतो १९८६ मध्ये ग्रेडियस हा गेम घरच्या मशीनसाठी तयार करत होते. तपासायला बसले तर स्वतःलाच तो जमेना, म्हणून त्यांनी आपल्यापुरती ही चोरवाट घातली आणि ती आत राहून गेली. २०२० मध्ये ते वारले. बातमी वाचून मी आतेभावाला फोन केला. तो म्हणाला, 'पाणीपुरीचे पैसे त्यांच्या घरी पाठवायला पाहिजेत.'

ताई नंबर दोन, विश्रामबाग, सांगली

इथं सगळे दादा लोकच लिहिणार असं दिसतंय, म्हणून मध्ये घुसते.

आमच्या डब्याच्या दुसऱ्या रिमोटला स्टार्ट-सिलेक्टची बटणंच नव्हती. मला वाटायचं मुलीचा रिमोट म्हणून स्वस्तातला दिलाय. निन्टेन्डोचा मूळ जपानी डबा, फॅमिकॉम, १९८३ मध्ये आला, त्याचाही दुसरा रिमोट तसाच होता, आणि आपले बहुतेक डबे त्याचीच नक्कल. म्हणजे खेळ कधी थांबवायचा हे कायम पहिल्या रिमोटवाल्याच्या हातात. पहिला रिमोट कुणाच्या हातात असायचा हे सांगायला नको.

दादाची लाइफ जाईपर्यंत माझी पाळी नाही. तो मुद्दाम सावकाश खेळायचा. मग मी एक केलं. दुपारी तो क्लासला गेला की आजीला सांगायची, 'अभ्यासाचा कार्यक्रम लागतो टीव्हीवर.' आजी जपमाळ घेऊन शेजारी बसायची. मारिओ खड्ड्यात पडला की तिची माळ थांबायची. आठव्या जगातल्या किल्ल्यात वाट चुकली की तेच भुयार पुन्हा पुन्हा येतं. तिथं मी चार दिवस अडकले होते. पाचव्या दिवशी आजी म्हणाली, 'अगं, मघाशी त्या नळात शिरलीस तेव्हा पुढं नवीन दिसलं होतं. वरून नको जाऊस.' मी लक्षच देत नव्हते, ती देत होती. राजकन्या सुटली तेव्हा घरात आम्ही दोघीच. दादाला आजतागायत पटलेलं नाही.

आणि एक जखम. सगळ्या लाइफ संपल्या की आम्ही पहिल्यापासून सुरू करायचो. मागच्या वर्षी कळलं, ए दाबून धरून स्टार्ट दाबला तर ज्या जगात मेलो तिथूनच खेळ सुरू होतो. पहिल्यापासून होतं हे त्यात! आणि आम्ही वर्षानुवर्षं पहिली लेव्हल झाडत बसलो.

एक रुपया, खणभाग, सांगली

आमच्या घरी डबा वगैरे नव्हता. पार्लर. एक रुपयाचं नाणं, आणि मुस्तफा.

गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम कंपनीचा, १९९३ चा. पण त्यातल्या एका गड्याचं नाव मुस्तफा, म्हणून सगळा गेमच मुस्तफा. चांगला खेळणारा एका नाण्यात पाऊण तास काढायचा, म्हणून पार्लरचा मालक चांगल्या खेळणाऱ्यावर डाफरायचा. धंद्याच्या दृष्टीनं बरोबरच होतं त्याचं. आमच्यात एक पोरगा होता, मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांवर शिक्के मारायचा. बोटं कायम पिवळी. मशीनचं उडीचं बटण पिवळं दिसलं की समजायचं, गडी येऊन गेला आणि आज सगळ्यात वरचा स्कोर त्याचाच.

सेगा-निन्टेन्डो लै लांब राहिलं. आमचं वैर घरी डबा असणाऱ्यांशी.

निवृत्त मास्तर, वाई

त्या काळात माझ्या वर्गातली चौथ्या बाकावरची मुलं डुलक्या का काढायची, हे तीस वर्षांनी समजलं. चालू द्या.

निळा साळिंदर, कऱ्हाड

मी खरा सेगावाला. सबंध गल्लीत एकटा, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

काका आखातात नोकरीला. १९९४ मध्ये त्यांनी सेगाचा मेगा ड्राइव्ह आणला, सोबत सॉनिक, म्हणजे सुसाट पळणाऱ्या निळ्या साळिंदराचा गेम. ते काळं मशीन हॉलमधल्या शोकेसमध्ये, काचेच्या बाहुलीशेजारी. गल्लीतली पोरं बघायला यायची, म्हणायची भारी आहे, आणि मारिओ खेळायला समोरच्यांकडे निघून जायची. कारण साधं. त्यांच्याकडे कॅसेटी बदलून मिळायच्या, माझी कॅसेट कुणाच्याच डब्यात बसत नव्हती. तीन गेमांवर मी चार वर्षं काढली. तिकडं अमेरिकेत सेगा जाहिरातीत निन्टेन्डोला खुशाल टोमणे मारत होती, पोरं शाळेत दोन तट पडून भांडत होती, आणि इकडं मी एकटाच दोन्ही बाजूंनी भांडत होतो.

माझा एकच हुकमाचा पत्ता होता, मॉर्टल कॉम्बॅट हा मारामारीचा गेम. १९९३ मध्ये तो दोन्हीकडे आला. निन्टेन्डोनं रक्ताच्या जागी करडा घाम दाखवला. सेगावर एक कोड मारला की रक्त. ए बी ए सी ए बी बी. त्यावरून डिसेंबरात अमेरिकी सिनेटमध्ये सुनावणी झाली आणि पुढच्या वर्षी तिकडं गेमना वयोगटाचे शिक्के मारणारी संस्था उभी राहिली. आमच्याकडे सुनावणी स्वयंपाकघरात झाली. आईनं कॅसेट जप्त करून डाळीच्या डब्यात पुरली.

आता जमवतो. मेगा ड्राइव्ह दोन आहेत, सेगाचीच पुढची मशीनं सॅटर्न एक, ड्रीमकास्ट एक. पहिला जपानी मेगा ड्राइव्ह लावला त्या दिवशी सॉनिक हातात मावेना. वाटलं, वय झालं. मग उलगडा झाला. काकांनी आणलेलं मशीन पाल या टीव्ही पद्धतीचं, सेकंदाला ५० चित्रं. जपानी-अमेरिकी मशीन ६० चं. पहिला सॉनिक ५० साठी नीट जुळवून घेतलेलाच नव्हता, त्यामुळे खेळ आणि गाणं दोन्ही सहाव्या हिश्शानं मंद. ज्याच्या वेगावरून मी गल्लीभर वाद घातला, तो माझ्या घरी रमतगमत चालला होता.

आणि ज्यांच्यासाठी भांडलो त्यांनी काय करावं? सेगानं २००१ मध्ये मशीन बनवणंच सोडलं. २००७ मध्ये मारिओ आणि सॉनिक ऑलिंपिकच्या गेममध्ये शेजारी शेजारी पळताना दिसले. निवडणुकीनंतर पुढारी एका व्यासपीठावर येतात आणि कार्यकर्ते एकमेकांची तोंडं बघतात, तसं झालं माझं.

होस्टेलवाला, सांगली

सोनीचं कसं विसरलात? तिचा तर निन्टेन्डोशी साखरपुडाच मोडला होता. जून १९९१, शिकागोचं प्रदर्शन. सोनीनं निन्टेन्डोसोबत सीडीचं मशीन जाहीर केलं, आणि दुसऱ्या दिवशी निन्टेन्डोनं सांगितलं की आमचं फिलिप्सशी ठरलंय. भर मांडवात. सोनीनं चिडून डिसेंबर १९९४ मध्ये स्वतःचं प्लेस्टेशन काढलं आणि ते दहा कोटींच्या वर विकलं गेलं. असा सूड आमच्या भावकीत कुणाला जमलेला नाही.

मी स्वतः प्लेस्टेशन टू वर वाढलो. बाकी काही विशेष नाही.

सोल्डर, मिरज

टीव्ही दुरुस्तीत उभा जन्म गेला, म्हणून धाकट्यांना दोन गोष्टी सांगतो.

पहिली फुंकेची. फुंकेनं कॅसेट चालू होत नव्हती. काढून परत बसवल्यावर पिना घासल्या जायच्या, त्यानं चालायची. फुंकेतला ओलावा मात्र पिनांवर बसायचा आणि पुढं हिरवट गंज यायचा. कानकोरणीचा कापूस आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवा आणि पिनांवरून उभा फिरवा, आडवा नको. कापूस काळा निघेल. तो पांढरा निघेपर्यंत करा.

दुसरी टीव्ही गेमच्या बंदुकीची. लोक एलसीडी टीव्हीवर बदकं मारायचा गेम खेळायला जातात आणि बंदूक खराब म्हणून माझ्याकडे आणतात. बंदुकीतून काही सुटत नाही ओ, ती नुसती बघते. चाप ओढला की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आधी काळं, मग पांढरं दिसलं तर नेम बरोबर. हे सगळं जुन्या काचेच्या टीव्हीच्या वेळेशी बांधलेलं. नव्या टीव्हीत चित्र थोडं उशिरा उमटतं, तोवर बंदुकीनं डोळा मिटलेला असतो. म्हणून भंगारात निघालेले १४ इंची टीव्ही मी आठ ठेवलेत. मंडळी शिव्या देते.

उंदीरराव, तुमचा डबा पिवळा पडला तो प्लॅस्टिकमध्ये आग पकडू नये म्हणून घातलेल्या ब्रोमिनमुळे, त्यात माळ्यावरचा उन्हाळा. हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवला की पांढरा होतो. पण मी म्हणेन राहू द्या पिवळा. आणि हाताला लागेल तो अडॅप्टर खुपसू नका. फॅमिकॉमच्या अडॅप्टरची मधली पिन ऋण असते, हल्लीच्या बऱ्याच अडॅप्टरची धन. उलटं लावलंत तर आतला रेग्युलेटर जातो.

कृष्णाकाठ, सांगली

माझा अनुभव वेगळा आहे. लिहू की नको करत होतो.

ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट, पाणी ५७ फुटांवर गेलं. २००५ च्या पुराची खूण आमच्या भिंतीवर होती, त्या हिशोबानं सामान वर चढवलं. संग्रह कपाटाच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवला, खुणेच्या वर चांगला हातभर. पाणी त्याच्याही वर गेलं. नऊ दिवसांनी दार उघडलं तर कपाट फुगून बंद बसलेलं, पहारीनं फोडावं लागलं. आत एक कप्पाभर गाळ.

डब्यांवरचे कागद गेले, छापील पुस्तिका गेल्या. प्लेस्टेशन टू दोन होते, दोन्ही गेले. पण कॅसेटी! एकेक उघडली, साध्या पाण्यानं धुतली, मग अल्कोहोलनं, आणि वर्तमानपत्रावर पंख्याखाली आठवडाभर वाळवली. ३४ पैकी ३१ चालल्या. आतली चिप गेम कोरूनच कारखान्यातून निघालेली असते, तिला पाण्याचं सोयरसुतक नाही. ज्यांत खेळ जपून ठेवायला छोटी बॅटरी होती, त्यांतली नोंद तेवढी पुसली गेली.

गेलं ते एक आठ एमबीचं मेमरी कार्ड. त्यात क्रिकेटच्या गेममधली धाकट्या भावाची टीम होती. तो २०१६ मध्ये गेला. सगळ्या खेळाडूंना त्यानं आमच्या गल्लीतल्या पोरांची नावं दिली होती. मी त्या टीमनं कधी खेळत नसे, नुसती यादी उघडून बघायचो. कार्ड अजून ठेवलंय. सोल्डरकाका, त्यातून काही निघेल का?

सोल्डर, मिरज

घेऊन या. आत फ्लॅश चिप असते, नुसत्या पिना गंजल्या असतील तर आशा आहे. शब्द देत नाही. तोवर त्याला कुठल्याही मशीनमध्ये घालून बघू नका.

तीस लाइफ, मूळ सातारा, सध्या पुणे

वरचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

नव्यानं जमवणाऱ्यांसाठी एक. मी एका विक्रेत्याकडून 'अस्सल जपानी' काँट्रा घेतला. लेबल कोरं करकरीत. उघडला तर नव्या सर्किट बोर्डावर काळ्या लाखेचा ठिपका, म्हणजे नक्कल. पैसे परत मागितले तर म्हणाला, उघडल्यावर वॉरंटी संपते. घेण्याआधी आतल्या बोर्डाचा फोटो मागा.

माळ्यावरचा उंदीर, सातारा

सोल्डरकाकांचं ऐकून अडॅप्टर तपासला, उलटाच होता. बरोबर मिळाला. टीव्ही शेजारच्या आजींचा, झाकणाच्या आत बारीक चाकं असलेला. आधी मुंग्या, मग घरघर, मग एका जागी ते गाणं आलं आणि चित्र मागून हळूहळू उमटलं. मुलानं मारिओतल्या पहिल्याच शत्रूला धडक देऊन लाइफ घालवली.

ट्रंकेच्या तळाशी बंदूकही निघाली. तिचा प्लग १५ पिनांचा, माझ्या डब्याचं भोक ९ पिनांचं. म्हणजे ती आमची नाहीच, वरच्या आळीची आहे. तीस लाइफ, येत्या रविवारी मोती चौक, साक्षीदार आण. वर्गणीऐवजी अर्धा किलो कंदी पेढे चालतील का बघ.