कॅज्युअल्टीतच केटामाइनची चाचणी: गरज की घाई?

निशिगंध: नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात. जीव द्यायला निघालेल्या माणसाकडे तेवढे दिवस असतात का? फ्रान्समध्ये सात रुग्णालयांतल्या १५६ रुग्णांवर केटामाइनची चाचणी झाली, निकाल २०२२ मध्ये आले. तिसऱ्या दिवशी केटामाइनवाल्यांपैकी ६३ टक्के जणांच्या मनातून मरणाचे विचार गेले होते, नुसतं सलाइन मिळालेल्यांत सुमारे ३२ टक्के. भुलीचं जुनं, स्वस्त औषध आहे हे. आपल्याकडे कॅज्युअल्टीत अशी चाचणी का नको?

जुना_चष्मा: ६३ सांगितलेत, सहावा आठवडा गिळलात! तोवर दोन गटांतला फरक धरण्याजोगा उरला नव्हता. शिवाय केटामाइन चढलं की माणूस तरंगतो. खरं औषध कुणाला लागलंय हे शेजारच्या सिस्टरलाही कळतं, मग झाकून चाचणी कसली? याच्याच भावंडाच्या, एस्केटामाइनच्या, नाकात मारायच्या फवाऱ्याला अमेरिकेत २०२० मध्ये अशा रुग्णांसाठी मान्यता मिळाली, पण त्याने आत्महत्या टळतात हे सिद्ध झालेलं नाही असं त्याच्या माहितीपत्रकातच छापलंय.

रात्रपाळी: शनिवारी रात्री दोनला एक मुलगी आली. वाचली. केसपेपरवर ‘सायकिअ‍ॅट्री ओपिनियन’ लिहिलं, एमएलसी, म्हणजे पोलिसांकडे जाणारी नोंद, झाली, जबाबाला हवालदार आला. मानसोपचाराची ओपीडी थेट सोमवारी. तिची आई मुलीच्या चपला मांडीवर घेऊन बाकावर बसून होती. मधल्या दीड दिवसासाठी माझ्याकडे काय होतं, सांगा.

जुना_चष्मा: माणूस हवा होता डॉक्टर, इंजेक्शन नव्हे.

रात्रपाळी: दोन्ही हवं होतं.

काळा_कोट: आणि संमतीचं काय? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम ११५ म्हणतं, आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं धरायचं. त्याच रात्री तिची सही घेऊन संशोधन?

निशिगंध: कलम ४ पण वाचा की. माहिती समजून, तोलून, सांगता येत असेल तर उपचाराचा निर्णय तिचाच. ताण आहे म्हणून अक्कल गेली असं कायदा म्हणत नाही.

काळा_कोट: उपचार वेगळा, चाचणी वेगळी. चाचणीत तिच्या वाट्याला सलाइनच आलं तर?

रात्रपाळी: तरी ती वॉर्डात असेल, रोज कुणीतरी विचारपूस करेल. आज तेही नाही. माझी अट एकच, सहा आठवडे पाठपुरावा करणारा माणूस पगारावर असल्याशिवाय पहिलं इंजेक्शन द्यायचं नाही.

जुना_चष्मा: या अटीला माझी ना नाही. तो माणूस आला की इंजेक्शनचं बघू.

निशिगंध: वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या डोक्यात आत्ता असं काही घोळत असेल तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा नंबर १४४१६, मराठीतही बोलतात. वाद आमचा चालू राहील.